आईच्या अंगाला बांधलेली रेवा

निपाणीच्या स्टँडवर कंडक्टरनं दोनदा घंटी मारली, तरी आईनं रेवाला माझ्या हातात दिलं नव्हतं. मी बसच्या पायरीवर उभी होते, एक पाय आत आणि एक बाहेर. विनय, माझा नवरा, आत बॅगा वर चढवत होता. अप्पा कंडक्टरला "थांबा हो जरा, लेकीचा निरोप आहे," म्हणून थोपवत होते. आणि आई खाली उभी होती, माझ्या तीन महिन्यांच्या मुलीला दुपट्यात घट्ट गुंडाळून छातीशी धरून.

"ठेवून जा की तिला," ती म्हणाली. "दोन वर्षं. चालायबोलायला लागली की ने. आमच्यात सगळ्यांची पोरं अशीच मोठी झाल्यात."

हे ती पहिल्यांदा म्हणत नव्हती. बारसं झाल्यापासून सुरूच होतं. रेवाची टाळू भरताना, तिला ओव्याची धुरी देताना, माझ्या पाठीला तेल चोळताना, कुठूनही विषय तिथंच यायचा. मी हसून टाळत आले होते. स्टँडवर मात्र हसू आलं नाही. मी हात पुढं केले आणि रेवाला जरा जोरातच ओढून घेतलं. ती किंचाळली. बस हलली. आई खिडकीबरोबर चार पावलं चालत आली आणि म्हणाली, "रजा संपली की आणून सोड मग." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती चिडलेली होती, आणि मीही.

निपाणी काही फार लांब नाही. संध्याकाळी बसनं बेळगाव, तिथून रेल्वे, सकाळी बंगळूरचं यशवंतपूर. पण ज्या माझ्यासारख्या गाव सोडून आल्या त्यांना ठाऊक आहे, की पहिलं मूल होईपर्यंत आपण खरं म्हणजे गाव सोडलेलंच नसतं. दिवाळीला जातो, लग्नाला जातो, आजारी पडलो की आईला फोन लावतो. मूल झालं की मात्र प्रश्न समोर येऊन बसतो, की हे वाढणार कुठं? तिकडं का इकडं? माझ्या ऑफिसमधल्या दोघीतिघींनी आपली तान्ही मुलं गावी आजीकडं ठेवली आहेत. डब्याच्या वेळी त्या व्हिडिओ कॉल लावतात आणि मूल स्क्रीनवरून रांगत बाहेर जातं. त्यांना मी नावं ठेवत नाही. मला ते जमणार नव्हतं, एवढंच.

त्यात विनयही तिकडं झुकायला लागला होता. "इथं आपलं कोण आहे?" तो म्हणायचा. त्याची यशवंतपूरजवळच्या कारखान्यात शिफ्टची नोकरी, माझं एका कंपनीत पेरोलचं काम. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणूनच मला त्याचा जास्त राग यायचा.

निपाणीत रेवाला हातांची कमतरता कधी पडली नव्हती. आई, काकू, शेजारच्या दोन पोरी, पीठ दळायला अप्पांच्या गिरणीत आलेल्या बायका, सगळ्यांच्या अंगाखांद्यावर ती असायची. बंगळूरच्या तिसऱ्या मजल्यावर दोनच हात, आणि तेही माझे. खाली ठेवली की रडायची. पाळण्यात ठेवली की आधी पाळणा कुरकुरायचा, मग ती. विनय शिफ्टला गेला की मी आणि ती आणि समोरच्या बिल्डिंगचं ड्रिलिंग. एकदा मी तिला मांडीवर घेऊन जमिनीवर बसले आणि दुपारपर्यंत तिथून उठलेच नाही, कारण उठलं की ती जागी होणार. संडासला जायची सोय नाही, जेवायची नाही. असं बसल्या बसल्या मला आईचं बोलणं पटायला लागलं, आणि ते पटतंय हे लक्षात आल्यावर मी घाबरले.

रेवाच्या डॉक्टरीणबाईंनी सरोजाक्कांचा पत्ता दिला. इथल्या शिवाजीनगरात एका दवाखान्याच्या वरच्या खोलीत त्या दर रविवारी नव्या आईबापांना मूल अंगाला बांधायला शिकवतात. सगळी हयात फिजिओथेरपी केलेली बाई. घराणं मराठी, पण शहाजीराजांच्या काळापासून इथलंच. त्यांच्या मराठीत मला सुरुवातीला अर्धे शब्द कळायचे नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "स्वल्प बस गं आधी. बाळ नंतर बघू. तू जेवलीस का?"

मी रडले. तान्हं मूल घेऊन तुम्ही एकट्या असाल तर कुणी जेवलीस का म्हणून विचारलं की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

बांधायचं ते कापड म्हणजे सुती लांब पट्टा, साडीपेक्षा आखूड, तिरकं ओढलं की जरा ताण देणारं. मधला भाग पोटावर, दोन्ही टोकं पाठीवर फुली करून खांद्यांवरून पुढं, मग बाळ आत, मग पुन्हा फुली आणि गाठ. वाचायला सोपं आहे. पहिल्यांदा बांधलं तेव्हा माझा घामटा निघाला. पण शेवटची गाठ बसली आणि रेवानं माझ्या छातीवर कान टेकला, एक मोठा उसासा सोडला आणि झोपली. मी उभीच राहिले. माझे दोन्ही हात मोकळे होते आणि त्यांचं काय करायचं हे मला सुचेना.

सरोजाक्कांचे नियम मोजके, पण त्यात त्या कुणाचं ऐकत नाहीत. बाळाचं तोंड सतत दिसलं पाहिजे. मान खाली केली की पापा घेता आला पाहिजे, इतकं ते वर हवं. हनुवटी छातीला टेकायला नको, कारण तान्ह्या मुलाची हनुवटी टेकली की श्वासाची वाट दबते आणि ते रडूनही सांगू शकत नाही. कापड सैल सोडायचं नाही, सैल झालं की मूल घसरतं आणि मुडपून बसतं. बांधून गॅसजवळ जायचं नाही. "ते गप्प आहे म्हणून बरं आहे असं समजू नको," त्या म्हणायच्या. "बघ. दर थोड्या वेळानं बघ."

मी दर रविवारी जायला लागले. आधी शिकायला, मग मदतीला. पुण्याहून, नागपूरहून आलेली जोडपी असत, त्यांना अक्कांची मराठी झेपायची नाही, तिथं मी मध्ये पडायची. बापांना गाठी मारायला शिकवायला मला मजा यायची. बायकोला दहा सूचना देणारा माणूस स्वतःच्या पाठीमागची गाठ सापडेना झाली की कसा गोल गोल फिरतो ते पाहण्यासारखं असतं. आणि मनात एक गणित पक्कं व्हायला लागलं होतं. रेवा अंगावर राहिली तर मी घरून काम करू शकते, विनयची शिफ्ट आणि माझं काम यांची मोट बांधता येईल, तिला कुठंही पाठवावं लागणार नाही. ते कापड माझ्या बाजूचा एकमेव साक्षीदार होतं.

आईनं ते पहिल्यांदा व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि तिचा चेहरा पडला.

"पोरीचं गाठोडं केलंस व्हय गं? पाय बघ कसे फाकवल्यास. फेंगडी होईल ती." मी समजावलं, की पाय बेडकासारखे दुमडलेले असणंच खुब्याला चांगलं, उलट आपण सरळ करून घट्ट गुंडाळतो तेच चुकीचं आहे. ती ऐकून घेत नव्हती. "रस्त्यावर खडी टाकणाऱ्या बायका बांधतात पोरांना अंगाला," ती म्हणाली. "त्यांचं घर जवळ नसतंय. तुला घर न्हाई का?"

मी फोन ठेवून दिला.

रजा संपायला महिनाभर राहिला असताना ती आली. आठवड्यासाठी येते म्हणाली. एरवी ती आली की पिशव्यांत चटणी, भाकरीचं पीठ, शेंगांची पोळी, गिरणीतला ताजा आटा असं सगळं कोंबलेलं असतं. या वेळी त्याबरोबर एक मोठी बॅग होती आणि ती रिकामी होती. दुपारी रेवा झोपली की आई तिची वाळलेली झबली घेऊन बसायची, एकेक नीट घडी घालायची आणि थप्पी लावून ठेवायची. थप्पी रोज वाढत होती. मी रोज ती थप्पी उचलून कपाटात टाकायची. आम्ही दोघी एकमेकींशी फक्त स्वयंपाकाबद्दल बोलत होतो.

रविवारी सकाळी शेवटी माझा बांध फुटला. मी सांगून टाकलं, की रेवा कुठंही जाणार नाही. आई पोळी लाटता लाटता थांबली. "तू सोडत नसलीस तर मीच एक दिवस उचलून नेते, बघच तू," ती म्हणाली. विनय हसला. त्याला ती थट्टा वाटली. मला नाही वाटली.

तरीही मी तिला क्लासला घेऊन गेले. घरी एकटी सोडली असती तर थप्पी आणखी वाढली असती, हे एक कारण. दुसरं म्हणजे, तिनं एकदा डोळ्यांनी बघावं अशी माझी इच्छा होती. खोलीत पाच-सहा जोडपी होती. सरोजाक्का आणि आई पाच मिनिटांत कानडीत शिरल्या आणि दोघी जुन्या ओळखीच्या असल्यासारख्या बोलायला लागल्या. मी वाळू भरलेली बाहुली घेऊन शिकवत होते. आई मागं खुर्चीत बसून पाहत होती. मध्येच तिनं मान पुढं काढून एका बापाच्या बांधणीकडं पाहिलं आणि म्हणाली, "सैल आहे ते." बरोबर होतं. मला हसू आलं.

मग ती उठून माझ्याजवळ आली. "मला बांध बघू."

मी तिला बांधलं. पदर मोकळा करून, साडीवरून पट्टा घेऊन, मागं फुली. रेवाला आत बसवलं, गाठ मारली, हनुवटी वर आहे का पाहिलं. आईचे हात हवेत तसेच राहिले, धरू का नको असे. रेवाला जरा सर्दी होती, ती कुरकुरली, मग गप्प झाली. "छातीला श्वास लागतोय मला तिचा," आई हळूच म्हणाली. मला वाटलं, जिंकले. खरंच वाटलं, आता ही रिकामी बॅग रिकामीच परत जाणार.

रेवा पुन्हा कुरकुरायला लागली तशी आई दाराकडं गेली. "फिरवून आणते, इथंच," म्हणाली. बाहेर लांब गॅलरी आहे. मी मान हलवली आणि पुढच्या जोडप्याकडं वळले. त्यांच्या गाठी सुटत नव्हत्या. त्या सोडवून मी गॅलरीत डोकावले तर गॅलरी रिकामी.

जिना उतरले. खाली दवाखान्याच्या दाराशी नाही. परत वर आले. आईचा मोबाइल खिडकीत चार्जिंगला लावलेला होता. रेवाची दुपटी-बाटलीची पिशवी मात्र खुर्चीखाली नव्हती. आईची स्वतःची पिशवीही नव्हती.

आता हे लिहिताना मला कळतं, की कुठलीही आजी नातवंडाला घेऊन दोन पावलं जायचं तरी पिशवी घेतल्याशिवाय जात नाही. त्या वेळी ते कळलं नाही. त्या वेळी मला सकाळचं वाक्य आठवलं, आणि समोर शिवाजीनगरचा बसस्टँड दिसला. आईला कानडी येते. यशवंतपूरची बस कुठली हे ती कुणालाही विचारू शकते. ती अडाणी नाही, भित्रीही नाही. तिनं ठरवलं तर ती जाईल.

मी धावत सुटले. एक चप्पल दवाखान्याच्या जिन्यातच राहिली. भांड्यांची दुकानं, कापडाची दुकानं, बिर्याणीच्या हॉटेलांचा धूर, हॉर्न, आणि सगळ्या बायका पाठमोऱ्या आईसारख्या. एका बसमध्ये चढून मी आतल्या सीटा पाहिल्या. कंडक्टर ओरडला. दुसऱ्या बसच्या खिडकीतून डोकावले. फुलवालीला विचारलं, म्हातारी बाई, हिरवी साडी, पुढं बाळ बांधलेलं. तिनं हातानं गल्ली दाखवली.

स्टीलच्या भांड्यांच्या दुकानापुढं आई होती. येरझाऱ्या घालत होती, अंग डोलवत, तोंडानं हं हं करत. बाळ दिसतच नव्हतं. आईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढून रेवावरून घेतला होता, दोन्ही टोकं पट्ट्यात नीट खोचली होती. छातीवर फक्त एक हिरवा फुगवटा होता. आणि तो जिथं बांधला होता तिथं नव्हता, खाली आला होता.

मी पदर हिसकून काढला. पट्टा सैल झाला होता. रेवा खाली घसरून मुडपून बसली होती, हनुवटी छातीला घट्ट टेकलेली, तोंड लाल, केस घामानं चिकटलेले, आणि अगदी गप्प. मी बोट घालून हनुवटी वर केली. काही झालं नाही. मग तिनं आवाज करत मोठा श्वास ओढला, आणखी एक, आणि मग ती अशी रडली की दुकानातले सगळे बाहेर आले. इतकं गोड रडणं मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

मग मी आईवर ओरडले. "तोंड दिसू दे म्हणून सांगितलं होतं ना! एवढी एकच गोष्ट सांगितली होती!"

"अगं, फुलवाली म्हणाली एष्टु मुद्दागिदे, किती गोड म्हणून. येणारेजाणारे सगळे बघालते," आई अडखळत म्हणाली. "तोंड असं उघडं वेशीवर टांगल्यासारखं. तीट पण लावली न्हवती आज. आणि गाड्यांचा धूर. सर्दी आहे तिला. मी म्हटलं दिष्ट नको, धूर नको..."

"ती गुदमरली असती, आई."

"झोपली होती गं."

"आणि मला वाटलं तू तिला घेऊन गेलीस निपाणीला!"

ते निघून गेलं तोंडातून. आईचा हात पदराशी होता, तो तिथंच थांबला. "चोरून?" तिनं विचारलं. बस, एवढंच.

सरोजाक्का मागून धापा टाकत आल्या, त्यांच्या हातात माझी चप्पल होती. त्यांनी रेवाला माझ्या हातात उघडीवाघडी करून पाहिलं, ओठ पाहिले, नखं पाहिली, पाठीवर हात ठेवून श्वास पाहिला. "सरी. चांगली आहे. पण डॉक्टरांना दाखवूनच जा." मग आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "बा अक्का. स्वल्प नीर कुडी." ये, थोडं पाणी पी, म्हणून. आईनं घेतलं नाही.

खाली दवाखान्यात डॉक्टरांनी रेवाला तपासलं, छाती ऐकली, ठीक आहे म्हणाले. ओरडले त्याचं मला आजही काही वाटत नाही. अशा वेळी ओरडायचंच असतं. पण रिक्षात आई माझ्यापासून शक्य तितकी लांब, कडेला अंग चोरून बसली.

घरी आल्यावर ती बॅग काढून बसली. मला वाटलं, झालं, ही आता आजच निघणार. तिनं बॅगेत काहीच भरलं नाही. चेन उघडायची, लावायची, असं काहीतरी करत राहिली. मी रेवाला मांडीवर घेऊन समोर बसले. विनय शिफ्टला गेला होता. समोरचं ड्रिलिंग रविवारमुळं बंद होतं.

"तू आजोळी होतीस," ती अचानक म्हणाली. "तीन वर्षांची होईस्तोवर."

हे मला माहीत होतं. आजीनं मला वाढवलं हे आमच्या घरात सगळे कौतुकानं सांगतात. आई तेव्हा तंबाखूच्या वखारीत जायची, अप्पांची गिरण अजून व्हायची होती.

"का ठेवली होती ठाऊक हाय?"

"कामाला जायचीस म्हणून."

"कामाला सगळ्याच जायच्या. झाडाला झोळी बांधून पोरं तिथंच असायची काहींची." ती चेनशी खेळत होती. "तुला सोसायचं न्हाई. वखारीतनं आले की माझ्या केसात, लुगड्यात, कातडीत तंबाखूची खाट, तो घसा धरणारा वास. आंघोळ केली तरी जात न्हवती. तुला छातीशी धरलं की तू खोकून खोकून निळी पडायचीस. डॉक्टर म्हणाले, हिला लांब ठेवा. कुणापासनं लांब, तर माझ्यापासनं. मग आईकडं नेऊन ठेवली."

मी रेवाचं दुपटं सारखं केलं.

"महिन्यानं यायची मी. नवं लुगडं नेसून, खाट लागू नये म्हणून. हात पुढं करायची. तू आज्जीच्या पदरात तोंड लपवायचीस. यायचीच न्हाईस माझ्याकडं." तिनं नाक ओढलं. "अंगाला बांधता आलं असतं तर बांधलं नसतं व्हय गं? तुझं रांगणं न्हाई बघितलं मी. पहिला शब्द न्हाई ऐकला. म्हटलं, रेवाचं तरी बघावं. दोन वर्षं माझ्याजवळ राहिली असती. तुझं काही ओढून घ्यायचं न्हवतं मला."

मला तिच्याजवळ जायचं होतं. खरं सांगते, गेले नाही. आम्हा दोघींना ती सवयच नाही. आई मला तेल लावते, वाढते, रागावते. जवळ घेत नाही, आणि मीही जात नाही. का, ते मला तिशी उलटून गेल्यावर त्या खोलीत कळलं.

मग मला जे येतं ते मी केलं. पट्टा आणला. "ऊठ," म्हटलं.

"नको. माझ्या हातनं न्हाई होणार." ती खरंच मागं सरकली. भांड्यांच्या दुकानापुढं मी घाबरले होते, तेवढीच ती आता घाबरलेली होती.

भीती मलाही होती. रेवाला परत तिच्या अंगावर द्यायला माझे हात तयार नव्हते. पण आज दिलं नाही तर ही बाई आयुष्यात पुन्हा तिला उचलून घेणार नाही, हे मला दिसत होतं. मी बांधलं. पट्ट्याचा प्रत्येक पदर ओढून दाखवला, कुठं सैल होतो, कसा आवळायचा, दोन बोटं हनुवटीखाली कशी घालून बघायची. आईचे हात धरून तिच्याकडून करून घेतलं. मग मी काजळाची डबी आणून रेवाच्या गालावर ही एवढी मोठी तीट लावली.

"आता कुणाची दिष्ट लागते बघू."

आई हसली नाही. खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत ती चालत राहिली, आणि सगळा वेळ खाली, रेवाच्या तोंडाकडं बघत राहिली. एकदा दाराची चौकट खांद्याला लागली तरी तिनं मान वर केली नाही.

ती ठरल्या दिवशी गेली. अप्पांची गिरण होती, तिला थांबता येण्यासारखं नव्हतं. यशवंतपूरला मी तिला गाडीत बसवलं. बॅगेत मी तिच्यासाठी एक पट्टा ठेवला होता. ठेवून जा, असं ती म्हणाली नाही. महिनोन्‌महिने मला त्या वाक्याची धास्ती होती, आणि गाडी सुटताना ते आलं नाही तेव्हा मला भडभडून आलं.

पुढचं सोपं नव्हतं. काही दिवस घरून काम, काही दिवस ऑफिसच्या पाळणाघरात, विनयच्या शिफ्टच्या अदलाबदली, सर्द्या, ताप, भांडणं. रेवा आता तीन वर्षांची झाली. तिला बांधून घ्यायचं नसतं, पळायचं असतं. रविवारचा क्लास आता मी घेते, सरोजाक्का खुर्चीत बसून चुका काढतात. क्लासला आजी आली असेल तर मी आईबापांना सोडून आधी तिच्याकडं जाते. तिला सांगते, तीट लावा, हवी तेवढी मोठी लावा, मीठमोहऱ्या ओवाळा, पण पदर तेवढा नको. आणि बांधायची पहिली पाळी तिची. तरण्या आया कधी कधी नाराज होतात. होऊ देत.

निपाणीत मला सगळे विचारतात, तिकडं करमतं का, घर आठवतं का. निपाणी आठवते. पण घर म्हटलं की आता मला ना तिथली ओसरी दिसते ना इथला तिसरा मजला. माझ्या लहानपणी माझं घर आजोळ होतं, आई पाहुणी होती. पुढं निपाणी घर झालं, तरी आम्ही एकमेकींकडं पाहुण्यांसारख्याच वागत राहिलो, एका ताटात जेवून. आता आमच्यात एक आख्खं राज्य आहे, आणि ती दर तीन-चार महिन्यांनी ते ओलांडून येते. मला वाटतं, आम्हा दोघींचं घर अजून बांधून व्हायचंय.

मागच्या महिन्यात ती आली. सकाळची यशवंतपूरची गर्दी, हमाल, ट्रॉल्या. आई डब्याच्या दारातून उतरली, पिशव्या खाली ठेवल्या आणि हात पुढं केले. रेवा माझा हात सोडून पळत सुटली आणि सरळ तिच्या अंगावर चढली. आईनं तिला कडेवर घेतलं, पदर सारखा केला. मग तिनं दुसरा हात माझ्याकडं केला. पिशवीसाठी असेल असं वाटून मी खाली पाहिलं. पिशव्या तर जमिनीवर होत्या.

मी तिच्याकडं गेले.